न्हाणीघर : जुनें सुधारणें व नवें योजणें

शेतीच्या मासिकांत न्हाणीघरावर लेख कशासाठीं, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत बियाणें, धान्य व माणसें एकाच छपराखालीं राहतात, त्या घरांत पाणी कोठून येतें व कोठें जातें हा प्रश्न शेतीच्या प्रश्नांहून फारसा वेगळा नाहीं. शेतांत चर कोठें काढावा, बांधास सांडवा कोठें ठेवावा, हें जो खातेदार नेमकें सांगूं शकतो, त्याच्याच घरीं मोरीचें पाणी भिंतीच्या मुळाशीं मुरत असलेलें आम्हीं महसुली नोकरीच्या काळांत गांवोगांव पाहिलें आहे. पीकपाहणीनंतर चहास म्हणून घरीं जावें, आणि मागील दारीं पाहावें तों काळें पाणी साचलेलें व त्यावर डासांचे थवे.

आपल्याकडील जुनी न्हाणी म्हणजे परसांत किंवा स्वयंपाकघराच्या मागें बसविलेली एक फरशी, शेजारीं रांजण, पलीकडे तांब्याचा बंब आणि कंबरेइतकी किंवा फार तर खांद्याइतकी भिंत. पुरुष मंडळी आडावरच स्नान उरकीत. घरांतील स्त्रिया मात्र उजाडण्यापूर्वीं अंधारांत, लुगड्याचा आडपडदा करून आटपून घेत. आजारीपणांत किंवा बाळंतपणांत त्यांचे जे हाल होत, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं. बंद दाराचें न्हाणीघर ही चैन नव्हे, असें आम्ही म्हणतों तें याच कारणानें. तथापि त्या उघड्या न्हाणीचा एक गुण नव्या बांधकामांत हरवला, तोही सांगितला पाहिजे. बंबाचा धूर मोकळ्या हवेंत जाई आणि फरशी दुपारच्या उन्हानें खडखडीत वाळे. आतां चारी बाजूंनीं भिंती व वर गिलाव्याचें छत आलें. धूर, वाफ व ओल या तिन्हींस बाहेर जाण्याची वाट आपणच करून द्यावी लागते.

पाण्याच्या योजनेविषयीं बोलावयाचें तर आमच्या छत्रपती संभाजीनगराइतकें, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेइतकें, शिकविणारें शहर थोडें. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें शहर वसविलें, तेव्हां नांवाप्रमाणेंच ती जागा खडकाळ होती. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशीं मुरलेलें पाणी भूमिगत मार्गानें व मातीच्या नळांनीं त्यानें १६१७ च्या सुमारास शहरांत आणलें. पंप नाहीं, मोट नाहीं. केवळ उतारावर सर्व भिस्त. पाणचक्कीपाशीं हेंच तत्त्व डोळ्यांनीं पाहावयास मिळतें : दुरून उंचावरून निघालेलें पाणी बंद नळांतून येऊन उंच भिंतीवर आपसूक चढतें आणि हौदांत कोसळतें. देवगिरीच्या किल्ल्यांत हमामाचे अवशेष आहेत, तेही स्नानाच्या जागेकडे पूर्वींचे लोक किती लक्ष देत याची साक्ष देतात. त्याहूनही जुनें पाहावयाचें तर सिंधूकांठच्या मोहेंजोदडो येथील घरांत विटांचे उतरते न्हाणओटे व त्यांचें पाणी गल्लींतील गटारास नेणाऱ्या मोऱ्या सांपडल्या आहेत. चार हजार वर्षांपूर्वींच्या गवंड्यास जो ढाळ साधला तो आजच्यास साधूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. शहराचें पिण्याचें पाणी तेथून उपसून आणलें जातें. असें असूनही शहरांत नळास पाणी कांहीं दिवसांच्या अंतरानें येण्याचा अनुभव लोकांनीं वर्षानुवर्षें घेतला आहे. म्हणून येथें न्हाणीघराचा विचार फरशीच्या रंगापासून न करतां हौदापासून करावा लागतो. हिशेब सोपा आहे. शहरांत माणशीं दररोज १३५ लिटर व खेड्यांत जलजीवन योजनेप्रमाणें ५५ लिटर असें प्रमाण धरण्याची रीत आहे. घरांत पांच माणसें असतील तर शहरी मानानें रोज ६७५ लिटर, आणि पाणी पांच दिवसांनीं येत असेल तर ३,३७५ लिटर सांठा हवा. पांच फूट लांब, पांच फूट रुंद व पांच फूट खोल हौदांत १२५ घनफूट, म्हणजे सुमारें ३,५०० लिटर पाणी मावतें. एवढें गणित न करतां जो डोक्यावरील फवारे व मोठीं टबें विकत आणतो, त्याच्या घरीं तिसऱ्या दिवशीं बादली व तांब्याच उपयोगीं पडतो. शौचाच्या टाकीविषयीं हेंच. जुन्या टाक्या एका वेळीं दहा-बारा लिटर पाणी सोडीत. हल्लीं दोन कळांची टाकी मिळते, ती तीन किंवा सहा लिटरांत काम करते. जुनी टाकी बदलण्याचा खर्च पाण्याच्या टँकरापुढें कांहींच नाहीं.

आतां प्रत्यक्ष पाहिलेलें एक काम सांगतों. क्रांती चौकाच्या मागील वस्तींत आमचे व्याही राहतात. हा चौक म्हणजे १८५७ च्या उठावांतील शिपायांच्या स्मृतीशीं निगडित असा काळा चबुतऱ्याचा परिसर. हल्लीं तेथून जालना रस्त्याची अखंड वर्दळ वाहते. व्याह्यांची जमीन पैठण तालुक्यांत असून वर्षाची ज्वारी व तूर याच घरीं येऊन पडते. घर तीस वर्षांचें, आणि न्हाणीघर नेमकें धान्याच्या खोलीस लागून. जुनी फरशी उखडली म्हणून त्यांनीं एका गवंड्यास काम दिलें. त्यानें जुन्या फरशीवरच आरशासारख्या गुळगुळीत टाइला चिकटविल्या व चार दिवसांत काम उरकलें. दिसावयास तें फार सुरेख दिसे. पहिल्या पावसाळ्यानंतर धान्याच्या खोलीच्या भिंतीस लोणा लागला आणि भिंतीकडील तळच्या पोत्यांतील ज्वारी बुरसली. तीही हानि सोसतां आली असती; परंतु त्याच हिवाळ्यांत व्याह्यांच्या मातोश्री त्या टाइलांवर घसरल्या आणि खुब्याचें हाड मोडलें. तेव्हांपासून त्या काठीवांचून चालल्या नाहींत.

दुसऱ्यांदा काम काढलें त्या वेळीं आम्ही आठ दिवस तेथें होतों. फोडकाम केल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. भिंतींतील लोखंडी नळ एका सांध्यापाशीं गंजून सुईएवढें भोंक पडलें होतें. आणि मोरीच्या जाळीखालील भांडें व कोबा यांच्यामधील सांधा मोकळा राहिल्यानें टाइलांच्या दरजांतून झिरपलेलें पाणी गटारास न जातां कोब्याखालीं पसरत होतें. वरून नवी टाइल लावल्यानें ही दोन्हीं दुखणीं झांकलीं गेलीं, इतकेंच. म्हणून जुन्या न्हाणीघरास हात लावावयाचा तर फरशी मूळ स्लॅबापर्यंत काढावी व लोखंडी नळ असल्यास ते काढून प्लास्टिकचे नवे घालावे. भिंत बुजविण्यापूर्वीं नळांत दाबानें पाणी भरून एक रात्र ठेवावें व सांधे कोरडे राहिल्याची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर जलरोधाचें काम. जमिनीवर व भिंतींच्या तळाशीं निदान एक फूट, आणि जेथें अंगावर पाणी घेतात त्या भिंतीस माणसाच्या उंचीइतका जलरोधक लेप द्यावा. पहिला हात आडवा व तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंत व जमीन यांच्या कोपऱ्यास मसाल्याची गोलाई करून घ्यावी, कारण ओल प्रथम कोपऱ्यांतूनच शिरते. मग मोरीचें तोंड कापडाच्या बोळ्यानें बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी उभें करावें, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारावी व अठ्ठेचाळीस तासांनीं पाहावें. रेघेखालीं पाणी डोळ्यांत भरण्याइतकें उतरलें किंवा खालच्या अथवा शेजारच्या खोलींत डाग उमटला तर टाइल लावूं देऊं नये. गवंड्यास ही परीक्षा आवडत नाहीं, कारण तिच्यांत त्याचे दोन दिवस जातात. त्याचे त्या दोन दिवसांचे पैसे वेगळे द्यावे. परंतु परीक्षा सोडूं नये.

ढाळ फुटास पाव इंच असावा. सहा फूट लांबीच्या खोलींत दूरच्या भिंतीपासून मोरीपर्यंत दीड इंच उतार होतो. व्याह्यांकडे आम्हीं विचारलें, “मिस्त्री, ढाळ किती दिला?” तो म्हणाला, “साहेब, डोळ्यानं बरोबर दिसतोय.” पाणसळ लावून पाहिली तों एका कोपऱ्याचा ढाळ उलट भिंतीकडे होता. एक बादली पाणी ओतल्याबरोबर तें कोपऱ्यांत जाऊन बसलें, तेव्हां मिस्त्रीनें मुकाट्यानें तेवढा भाग काढला. मोठ्या मापाच्या टाइला ढाळास नीट वळत नाहींत. जमिनीस एक फुटी किंवा त्याहून लहान, खरखरीत पृष्ठाच्याच घ्याव्या. दुकानांत टाइल निवडतांना तिच्यावर थोडें पाणी टाकून ओल्या अनवाणी पायानें उभें राहून पाहावें. दुकानदार हसेल, त्यास हसूं द्यावें. न्हाणीघराची जमीन शेजारच्या खोलीपेक्षां अर्धा-एक इंच खालीं असावी. मोरीच्या भांड्यांत दोन इंच पाणी सदैव उभें राहील अशी रचना असते. हें पाणी गटाराची दुर्गंधी व झुरळें अडवितें. सुगीच्या दिवसांत घर बंद ठेवून शेतावर राहण्यास जाणाऱ्यांच्या घरीं परत आल्यावर जी घाण येते, ती तें पाणी आटल्यामुळें. तांब्याभर पाणी टाकलें कीं ती जाते.

हें सर्व पक्क्या घरांविषयीं झालें. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं गांवाकडील घरें धाब्याचीं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचीं आहेत. त्यांस आमचें स्पष्ट सांगणें असें कीं, मातीच्या भिंतीस लागून न्हाणीघर बांधूंच नये. माडीवर तर नाहींच नाहीं. मातीची भिंत तळाशीं सतत ओली राहिली म्हणजे तिचा जोर जातो, तुळयांच्या टोकांस वाळवी लागते, आणि एखाद्या झडीच्या रात्रीं भिंत बसते. परसांत स्वतंत्र पाया घेऊन, मूळ भिंतीपासून निदान दोन हात सोडून न्हाणीघर उभारावें व मध्यें पत्र्याची पडवी करावी. जमीन काळी असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली हलकी भिंत वर्षा-दोन वर्षांत तडकते.

आकार फार मोठा नको. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें स्नानगृहाचें क्षेत्र १.८ चौरस मीटर व रुंदी १.२ मीटर यांपेक्षां कमी नसावी. म्हणजे चार फूट रुंद व पांच फूट लांब ही किमान मर्यादा झाली. शौचकूपही त्यांतच घ्यावयाचा असल्यास २.८ चौरस मीटर लागतात. जागा असल्यास दोन्हीं वेगळीं ठेवावीं. एकत्र कुटुंबांत सकाळीं एकाच दाराशीं सहा माणसें उभीं राहतात, त्यांतून होणारे तंटे आम्हीं ऐकले आहेत. दिशेविषयीं ज्यांस शास्त्र पाहावयाचें असेल त्यांनीं खुशाल पाहावें. परंतु जमिनीचा नैसर्गिक उतार कोणत्या बाजूस आहे हें त्याच्याआधीं पाहावें.

दार बाहेरच्या बाजूस उघडणारें असावें. आंत कोणी पडलें तर आंत उघडणाऱ्या दारास त्याच्या देहाचीच अडसर लागते व मदत पोंचत नाहीं. कडीही बाहेरून नाण्यानें किंवा पट्टीनें फिरवितां येईल अशी मिळते, तीच बसवावी. व्याह्यांकडे आतां दारापासून बसण्याच्या जागेपर्यंत भिंतींत पक्की रोवलेली दांडी आहे, जमिनीपासून पावणेतीन फूट उंच. टाइलास नुसती चिकटविलेली दांडी कामाची नाहीं. माणसाचा सगळा भार तिच्यावर यावयाचा असतो. लांकडी पाटाऐवजीं दीड फूट उंचीचा बांधीव ओटा केला असून त्यावर बसून मातोश्री स्वतः स्नान करूं शकतात. सून न्हाऊं घालीत असे त्या वर्षांत त्यांस जितकें वाईट वाटलें, तितकें हाड मोडल्याचेंही वाटलें नाहीं, असें त्या आम्हांस म्हणाल्या.

पाणी तापविण्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण येथें जिवाशींच गांठ आहे. गॅसवरील गीझर बंद न्हाणीघरांत बसविल्यामुळें दर हिवाळ्यांत माणसें दगावल्याच्या बातम्या येतात. गॅस जळण्यास हवा लागते. लहान खोलींत दार-खिडकी लावून घेतली म्हणजे हवेंतील प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट राहतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायू तयार होतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. डोकें जड होतें, पाय लुळे पडतात, आणि ओरडण्याची शक्ति राहत नाहीं. कोळशाच्या बंबाचेंही तेंच आहे. उघड्या परसांत जो बंब निरुपद्रवी होता, तोच थंडी म्हणून बंद न्हाणींत आणून ठेवला तर घातक होतो. तेव्हां गॅसचा गीझर असलाच तर तो बाहेर मोकळ्या पडवींत भिंतीस लावावा व केवळ ऊन पाण्याचा नळ आंत घ्यावा. याशिवाय न्हाणीघरास कधींही बंद न होणारा झरोका छताजवळ एक व दाराच्या तळाशीं एक असा ठेवावा.

विजेचा गीझर घेतल्यास धुराचें भय नाहीं, परंतु विजेचें आहे. घराच्या वायरिंगास जमिनींत पुरलेली अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे कीं नुसती तीन छिद्रांची खोबणी आहे, हें जाणत्याकडून तपासून घ्यावें. गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें यंत्र फलकावर बसविण्यास फार खर्च येत नाहीं. बादलींत सोडावयाची उघडी सळई तर न्हाणीघरांत नसावीच. ती चालू असतां पाणी कोमट झालें कीं नाहीं हें बोट घालून पाहण्याची वाईट खोड आपल्या लोकांस आहे. खर्चाचें मान असें : पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारें पाऊण युनिट वीज लागते. ज्यांचें छत मोकळें आहे त्यांनीं सौर बंबाचा विचार करावा. मराठवाड्यांत ऊन भरपूर; बंबाचें तोंड दक्षिणेस करावें. विंधन विहिरीचें पाणी जड असेल तर त्याच्या नळ्यांत क्षार सांचतात, त्यासाठीं वर्षांतून एकदां तो उघडून धुवावा लागेल.

राहिलें सांडपाणी. शौचकूपाचें व स्नानाचें पाणी एका नळांत कधींही मिसळूं नये. शौचकूपास दोन शोषखड्डे, एक भरला कीं दुसरा चालू करावयाचा. पहिल्यांत दीड-दोन वर्षांनीं निर्गंध खत तयार मिळतें. हे खड्डे विहिरीपासून निदान तीस-पस्तीस फूट दूर असावे, आणि आपल्या काळ्या पाषाणास फटी फार असल्यामुळें जागा असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवावें. स्नानाच्या पाण्यासाठीं वेगळा खड्डा पुरतो. नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर तालुक्यांत टेंभुर्णी या गांवीं घरोघर असे शोषखड्डे करून उघडीं गटारें बंद केलीं व गांव डासमुक्त म्हणून नांवारूपास आलें. सुमारें चार फूट खोल-रुंद खड्डा, मधोमध भोंकें पाडलेली सिमेंटची टाकी, भोंवतीं दगडगोटे, असा तो प्रकार. काळ्या मातींत मात्र पाणी मुरत नाहीं. खड्डा मुरूम लागेपर्यंत नेला नाहीं तर तो डासांचा हौदच होईल.

आम्हांस विचाराल तर हें पाणी खड्ड्यांत घालविण्यापेक्षां परसबागेस द्यावें. पांच माणसांच्या स्नानाचें शंभर लिटर व धुण्याचें साठ लिटर धरलें तर रोज एकशें साठ लिटर होतात. उन्हाळ्यांत केळीच्या एका झाडास पंधरा ते वीस लिटर पाणी लागतें; म्हणजे आठ-दहा केळी नुसत्या न्हाणीवर पोसल्या जातील. मोरीच्या तोंडाशीं एक वाळूचा चर करून त्यांत कर्दळ व अळू लावावें, तेथें मळ अडतो. त्या अळूचीं पानें मात्र भाजीस घेऊं नयेत. धुण्याच्या पुडींत सोडियमचे क्षार असतात. काळ्या जमिनीस ते वर्षानुवर्षें एकाच जागीं दिले तर ती चोपण होते, हें कालव्याकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. त्यासाठीं दर हंगामास पाण्याची वाट बदलावी, पावसाळ्यांत तें खड्ड्याकडे वळवावें, आणि माती चिकट होऊं लागल्यास जिप्सम द्यावा. कच्च्या खाण्याच्या भाज्यांवर, म्हणजे कोथिंबीर-मुळ्यावर, हें पाणी घालूं नये.

साफसफाईबद्दल दोनच सूचना. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. डाग काढण्यासाठीं तिच्यावर ॲसिड ओतलें तर डागाबरोबर फरशीही खाल्ली जाते. तिला साबण व काथ्याच पुरे. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधींही होऊं देऊं नयेत. त्यांतून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसास जाळतो.

काम काढावयाचें तर दिवाळीनंतर, मार्गशीर्ष-पौषांत काढावें. तेव्हां विहिरीस पाणी असतें, आणि गिलाव्यास सात दिवस रोज पाणी मारणें जमतें. वैशाखांत पिण्याची मारामार असतां गिलाव्यास कोण पाणी देणार? भिंती बुजविण्यापूर्वीं नळ कोठून कोठें गेला, सांधा कोठें आहे, खड्ड्याचें झांकण कोणत्या कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे, याचें मापांसह टिपण करून घ्यावें व प्रत्येक भिंतीचें छायाचित्र काढावें. हें टिपण सातबारा व फेरफाराच्या उताऱ्यांबरोबर एकाच पेटींत ठेवावें, म्हणजे पुढें मुलास खुंटी ठोकावयाची झाली तरी नळ कोठें आहे हें भिंत न फोडतां कळेल.